सागरी जलजीवालयासाठी वाळू व शिंपले : पूर्वसंस्करण

समुद्रकिनाऱ्यावरून गोळा केलेली वाळू, शिंपले व शंख खाऱ्या पाण्याच्या जलजीवालयात तळथर म्हणून किंवा प्राण्यांच्या आश्रयासाठी घालण्यापूर्वी करावयाची निवड, परीक्षा, धुलाई व निर्जंतुकीकरण यांची क्रमवार प्रक्रिया. समुद्रातलाच जिन्नस समुद्रजलात घालावयाचा, मग त्यावर संस्कार कसले, ही शंका सकृद्दर्शनी वाजवी वाटते. परंतु किनाऱ्यावर जे कुजके सेंद्रिय द्रव्य भरतीच्या एका लाटेने विरळ होऊन जाते, तेच शेदोनशे लिटर पाण्याच्या काचपेटीत उतरले म्हणजे अमोनियाच्या रूपाने एका रात्रीत मासे मारण्यास पुरेसे ठरते.

वाळूचा स्वभाव ती ज्या खडकांपासून व कवचांपासून झिजून आली त्यांवरून ठरतो. कोकणच्या उत्तर भागात बेसाल्टाच्या झिजेचे काळसर कण अधिक, तर दक्षिणेस गारेचे प्रमाण वाढते, आणि शिंपल्यांचा चुरा थोडाबहुत सर्वत्रच मिसळलेला असतो. रत्नागिरी शहरालगतच्या एका पुळणीस काळा समुद्र व दुसरीस पांढरा समुद्र म्हणतात, तो भेद पाण्याचा नसून वाळूचा आहे. इल्मेनाइट, मॅग्नेटाइट इत्यादी लोहयुक्त खनिजांची काळी वाळू जलजीवालयास वर्ज्य समजावी. कारण तिचे कण काच पुसण्याच्या चुंबकी घासणीस चिकटून काचेवर कायमचे ओरखडे उठवितात. वाळलेल्या वाळूतून लोहचुंबक फिरविल्यास या कणांची खातरजमा होते. चिमूटभर वाळूवर शिरका टाकला असता फेस आला तर ती चुनखडीयुक्त, न आला तर गारेची. दोन्ही उपयोगी पडतात.

चुनखडीयुक्त वाळू व शिंपले पाण्याचा सामू आपोआप राखतात, असे हौशी मंडळींत ठामपणे सांगितले जाते, त्यात अतिशयोक्तीचा अंश मोठा आहे. समुद्राचे पृष्ठजल मुळातच कॅल्शियम कार्बोनेटाने अतिसंपृक्त असते, त्यामुळे सामू ८ च्या वर आहे तोवर शिंपला त्यात जवळजवळ विरघळत नाही. विरघळतो तो वाळूच्या थराच्या पोटात, जेथे जीवाणूंच्या श्वसनाने कार्बन डाय-ऑक्साइड साचून पाणी किंचित आम्लधर्मी होते. म्हणजे हा उपाय मंद व मर्यादित आहे, आणि त्याच्या भरवशावर पाणी बदलण्यात कसर करणे इष्ट नव्हे.

वाळू खाडीच्या मुखापासून, बंदरांपासून व सांडपाण्याच्या नाल्यांपासून दूर अशा ठिकाणची घ्यावी. पावसाळ्याच्या सुमारास गोव्याच्या व कोकणच्या किनाऱ्यांवर खनिज तेलाचे डांबरी गोळे वाहून येतात. अशा वेळची वाळू कितीही धुतली तरी विश्वासार्ह होत नाही. कायद्याची बाजूही ध्यानी ठेवली पाहिजे. वाळू हे गौण खनिज असून ते परवानगीविना उचलण्यास महसूल कायद्याने दंड आहे. किनारा नियमन क्षेत्रातील वाळूउपशावर १९९१ पासूनच्या अधिसूचनांनी निर्बंध घातले आहेत. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये सर्व प्रवाळांस व शंखांच्या काही जातींस संरक्षण असल्याने ते मृत असले तरी उचलण्यास मुभा नाही. निर्बंधांमागचा अनुभव जुना आहे : फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गवेत्त्याने १८५४ मध्ये जलजीवालयावर लिहिलेला ग्रंथ इतका लोकप्रिय झाला की, हौशी संग्राहकांच्या झुंडींनी इंग्लंडच्या किनाऱ्यांवरची खडकांतली डबकी ओरबाडून काढली, आणि तो विध्वंस पुढे त्याच्याच पुत्राने १९०७ मध्ये खेदाने नोंदवून ठेवला.

वाळू प्रथम चाळून एक ते दोन मिलिमीटरचे कण राखावेत. फार बारीक वाळू पाणी गढूळ ठेवते, जाड वाळूच्या फटींत उष्टे अन्न कुजते. नंतर बादलीत निम्म्यापर्यंत वाळू घेऊन गोडे पाणी जोराने सोडावे, हाताने ढवळावे, वर आलेला गढूळपणा ओतून द्यावा, आणि पाणी नितळ दिसेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. साबण वा कपडे धुण्याची भुकटी यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. सुमारे ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या, सुवास न मिसळलेल्या द्रावाचा एक भाग व पाण्याचे दहा भाग यांत वाळू दिवसभर भिजवून, पुन्हा धुऊन, परातीत पातळ पसरून कडक उन्हात वाळवावी. क्लोरिनचा वास उरल्यास छायाचित्रकारांचा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पाण्यात घालून त्याचे निराकरण करावे. हायपोक्लोराइटच्या द्रावात शिरका किंवा दुसरे कोणतेही आम्ल मिसळल्यास विषारी क्लोरिन वायू सुटतो, म्हणून परीक्षेचा शिरका व निर्जंतुकीकरणाचा द्राव यांची गाठ पडू देऊ नये.

शिंपल्यांचे काम अधिक चिकाटीचे आहे. तिसऱ्या, खुबे यांची सुटी दले उकळून ब्रशाने घासली की भागते, मात्र बिजागरीजवळचा तपकिरी पापुद्रा खरवडून काढावा; पिळदार शंखाच्या शेंड्यात मात्र मृत प्राण्याचा अवशेष अडकून राहतो आणि बाहेरून दिसत नाही. असा शंख दहापंधरा मिनिटे उकळून वाकड्या तारेने पोकळी साफ करावी, मग स्वच्छ पाण्यात काही दिवस बुडवून ठेवावा. पाण्यास दुर्गंध आल्यास सर्व पुन्हा करावे. शिरक्यात शंख भिजविणे हा प्रचलित उपाय मुळीच करू नये, त्याने कवचच विरघळते. पर्यटनस्थळी विकावयास असलेले तेल किंवा व्हार्निश लावलेले शंख तर दाखलच करू नयेत. जिवंत प्राणी आत असलेला शंख उचलू नये; शंकूच्या आकाराच्या काही शंखांतील गोगलगायीचा दंश मनुष्यास प्राणघातकही ठरला आहे. शंखाचे घर करणारा शंखवासी खेकडा पाळावयाचा असेल, तर त्याच्या वाढीस पुरतील असे निरनिराळ्या मापांचे रिकामे शंख पेटीत ठेवणे जरूर असते.

तयार वाळूचा थर दोनतीन सेंटिमीटरांचा असावा, कारण जाड थराच्या तळाशी प्राणवायू पोहोचत नाही व हायड्रोजन सल्फाइड साचण्याचा धोका असतो. निर्जंतुक वाळू ही निर्जीवही असते. अमोनियाचे नायट्राइटात व नायट्राइटाचे नायट्रेटात रूपांतर करणारे जीवाणू तिच्यात नव्याने रुजावे लागतात, त्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. एखाद्या जुन्या, निरोगी पेटीतील मूठभर वाळू वर पसरल्यास ही मुदत कमी होते. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचे परीक्षेत दिसेपर्यंत मासे सोडू नयेत.