पेंढा, कौल, पत्रा, स्लॅब

सिल्वासाचा इतिहास शिकवताना आम्हां मास्तरमंडळींची गाडी ठरलेल्या वाटेनेच जाते. पेशवाई आणि पोर्तुगीज यांच्यातला १७७९ चा तह, १७८३ मध्ये नगर हवेली व १७८५ मध्ये दादरा पोर्तुगीजांकडे जाणे, २ ऑगस्ट १९५४ ची सिल्वासाची मुक्ती आणि १९६१ चे विलीनीकरण. सुधीर फडके या लढ्यात होते म्हटले की मागच्या बाकावरची मुलेही सावरून बसतात. पण त्या ऐन पावसाळ्यात इथली रयत कसल्या छपराखाली राहत होती, हे कुठल्या धड्यात नाही. राज्ये बदलली त्याच्या तारखा सापडतात. घरावरचे पेंढ्याचे छप्पर कधी उतरले याची नोंद कोण ठेवणार?

इथले हवामान मोठे दुतोंडी. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि चैत्र-वैशाखात डोके भणाणून सोडणारे ऊन. छपराला दोन्ही सोसायचे. वारली, कोकणा, धोडिया यांच्या जुन्या घरांनी ते जंगलातल्याच जिनसांवर निभावले. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचे लिंपण, लाकडी मेढी, बांबूचे वासे आणि वर उतरत्या पाख्यांवर गवत नाहीतर भाताचा पेंढा. पेंढ्याच्या काड्यांत हवा कोंडून राहते, त्यामुळे वरचा ताप खाली उतरत नाही. अर्थात, हे चित्र रंगवणाऱ्यांनी उंदीर, आगीची धास्ती आणि दरवर्षीची शाकारणी विसरू नये. मे महिन्यात गवत न मिळालेल्या घराचा आषाढ कसा जातो, ते त्या घराला विचारावे.

ज्याच्या गाठीला चार पैसे आले त्याने नळीची कौले घातली. गावच्या कुंभाराने चाकावर घडवलेली नळी उभी चिरून केलेली ही अर्धगोल कौले. एक रांग उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. त्यांच्या सांध्यांतल्या फटींतून चुलीचा धूर निघून जाई, आणि त्याच वाटेने वर चढलेली गरम हवाही. डहाणू तालुक्यातल्या आमच्या आजोळी वैशाखात कौले परतायचा कार्यक्रम असे. मामा आढ्यावर, आम्ही पोरे खाली रांगेत, हातोहात कौल पुढे. फुटक्यांचा ढीग वेगळा, आणि मधूनच विंचू निघाला की रांगेची दाणादाण. माकडांचा एक कळप येऊन गेला की सारे पुन्हा पहिल्यापासून!

याला तोड म्हणून एकमेकांत अडकणारे मंगळुरी कौल आले. बासेल मिशनच्या मंडळींनी १८६० च्या दशकात मंगळूरला कारखान्यात ते काढायला सुरुवात केली. ते माकडांना बरेच पुरून उरते, गळते कमी. पण कुंभाराच्या भट्टीला पहिला तडाखा त्यानेच दिला, हेही खरे.

पत्र्याची कथा वेगळी. नागमोडी पत्र्याचे पेटंट लंडनच्या हेन्री पामरने १८२९ मध्ये घेतले. त्याच्या डोळ्यांपुढे गोदीतल्या वखारी होत्या, माणसांची घरे नव्हेत. आमच्याकडे ऐंशीच्या दशकानंतर कारखाने आले, कामगार आले, चाळी उठल्या आणि पत्रा घरोघर शिरला. एका दिवसात छप्पर तयार, हलके, कुंभार नको की शाकारणी नको. गरिबाने तो का निवडला, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मात्र दुपारी पत्रा तव्यासारखा तापतो आणि ती धग सरळ डोक्यावर उतरते. उमेदवारीच्या काळात पत्र्याखाली मी पानिपत शिकवले आहे. जुलैत पावसाच्या ताशात माझा आवाज बुडे, एप्रिलात मुलेच बुडत, झोपेत.

स्लॅबचा अनुभव घरचाच. मी हौसेने स्लॅबचे घर बांधले. आईने पहिल्याच उन्हाळ्यात अंथरूण ओट्यावर नेले. "दिवसभर तापतं नि रात्री ओकतं रे बाबा," एवढेच ती म्हणाली. काँक्रीट ऊन पोटात साठवते आणि सावकाश सोडते, हे पुस्तकी ज्ञान मला होते. ते वापरायची बुद्धी झाली नाही. पुढे गच्चीला चुन्याची सफेदी दिली, तेव्हा बराच फरक पडला. अहमदाबादेत २०१७ पासून गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचा उपक्रम सुरू झाल्याचे वाचले, तेव्हा आईची आठवण झाली. ती पाहायला नव्हती.

२०११ ची सामाजिक-आर्थिक गणना झाली, तेव्हा आम्हां शिक्षकांना घरोघर जावे लागले. प्रश्नांत छपराचाही प्रश्न होता. गवत कच्चे, हाताने घडवलेले कौल कच्चे. कारखान्याचे कौल पक्के, पत्राही पक्का. खानवेलकडच्या एका पाड्यावर भर दुपारी नळीच्या कौलांच्या पडवीत बसलो होतो. शेजारचे पत्र्याचे घर ओस, कारण त्या घरची माणसे याच पडवीत येऊन पडलेली. मी "कच्चे" असे सांगितले आणि ते यंत्रात चढले. पुढे घरकुलाच्या याद्या याच गणनेवरून झाल्या, म्हणजे माझ्या त्या शब्दाने म्हाताऱ्याचा फायदाच व्हायचा होता. तरी जीभ अडखळली खरी.

"काय लिवलं, मास्तर?" त्याने विचारले.

मी सांगितले. तो वर कौलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नि ह्यांचं घर?"

"पक्कं."

पडवीत पडलेल्यांपैकी कोणीतरी खुदकन हसले, आणि म्हाताऱ्याने सुनेला पाणी आणायला सांगितले.