आठवड्याला एक पेनी

ख्रिस्ती मंडळीला पहिली दोन-अडीच शतके स्वतःची अशी इमारत जवळजवळ नव्हतीच. पौलाची पत्रे चाळली की मंडळीचा पत्ता म्हणून माणसांची घरे भेटतात: अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांचे घर, फिलेमोनाचे घर, कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातले नुंफा नावाच्या बाईचे घर. सीरियात फरात नदीकाठच्या ड्युरा-युरोपोस या लष्करी गावात असे एक घर पुराणवस्तू संशोधकांना १९३०च्या दशकात सापडले. दोन खोल्यांमधली भिंत पाडून तिथे सभेसाठी जागा केली होती आणि एका कोपऱ्यातल्या खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड होते. इ. स. २५६च्या सुमारास सासानी फौजांनी वेढा घातला तेव्हा तटबंदीला बळकटी यावी म्हणून रोमनांनी लगतची घरे मातीने भरून टाकली. म्हणूनच ते घर टिकले. पुढे ३१३ साली रोमन साम्राज्याने या धर्माला मोकळीक दिली, मोठाली मंदिरे उभी राहिली आणि घर मागे पडले. मंडळीत आता वेदीजवळ उभे राहणारे आणि समोर बसून ऐकणारे असे दोन वर्ग पडले.

इथून आपण एकदम बारा शतके ओलांडू. मधल्या काळात मठ होते, बंधुसंघ होते. पण सामान्य संसारी विश्वासी दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी जमतो आणि स्वतः बोलतो, ही गोष्ट पुन्हा डोके वर काढते ती मार्टिन लूथर यांच्या लेखणीतून. १५२६ साली जर्मन उपासनाविधीच्या प्रस्तावनेत त्यांनी मनापासून ख्रिस्ती होऊ पाहणाऱ्यांच्या घरगुती सभेची कल्पना मांडली आणि त्यासाठी लागणारी माणसे अजून आपल्याकडे नाहीत, असे म्हणत ती तिथेच सोडली. १५४०च्या दशकात स्ट्रासबुर्गमध्ये मार्टिन बुत्सर यांनी असे छोटे संघ काढून पाहिले. नगरपरिषदेला ते रुचले नाहीत, आणि बुत्सरही लवकरच इंग्लंडला गेले. प्रयोग रुजला तो १६७०मध्ये फ्रँकफर्टला. तिथले प्रमुख पाळक फिलिप याकोब श्पेनर यांच्या घरी आठवड्यातून दोनदा मंडळी जमू लागली. प्रवचनावर, धर्मग्रंथातल्या उताऱ्यावर चर्चा होऊ लागली. पाच वर्षांनी त्यांनी ‘पिया देझिदेरिया’ हे छोटे पुस्तक लिहून हा प्रयोग सगळ्या जर्मन प्रदेशांपुढे ठेवला. त्यांच्याच मंडळीतला एक गट पुढे चर्चपासून फुटून निघाला, हेही नोंदवायला हवे. घरगुती सभा म्हणजे फुटीचे बीज, हा आक्षेप तेव्हापासून तिची पाठ सोडत नाही.

जर्मनीतून इंग्लंडला गेलेल्या अँथनी हॉर्नेक या धर्मोपदेशकाने १६७८च्या सुमारास लंडनमधल्या तरुणांच्या धार्मिक सोसायट्या सुरू केल्या. पण आपल्याला थांबायचे आहे ते लिंकनशायरमधल्या एपवर्थ गावी. १७११-१२चा हिवाळा. तिथले धर्मगुरू सॅम्युएल वेस्ली कामानिमित्त लंडनला होते. घरी मुलाबाळांसाठी त्यांची पत्नी सुझाना रविवारी संध्याकाळी प्रार्थना घेई, प्रवचन वाचून दाखवी. शेजारी येऊ लागले, घर भरू लागले, संख्या दोनशेच्या घरात गेली. त्याच सुमारास तिने तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडी इथल्या डॅनिश मिशनऱ्यांचा वृत्तांत वाचला होता आणि त्याने तिला उभारी आली होती. इंग्लंडच्या एका खेड्यातल्या सभेमागे आपल्या देशाचा एवढा का होईना, हात आहे. बदली धर्मगुरूने तक्रार केली. नवऱ्याने सभा बंद करण्याबाबत लिहिले, तेव्हा सुझानाने उत्तर धाडले: नुसती इच्छा सांगू नका, स्पष्ट आज्ञा करा, म्हणजे देवापुढे जाब द्यायची वेळ आली तर दोष माझ्यावर येणार नाही. तशी आज्ञा आली नाही. हे सारे पाहणारा तिचा मुलगा जॉन तेव्हा आठ वर्षांचा होता.

जॉन वेस्ली १७३८च्या उन्हाळ्यात हेर्नहूटला जाऊन आले. काउंट त्सिन्त्सेन्दोर्फ यांच्या आश्रयाने वसलेल्या या मोरावियन वसाहतीतले छोटे कबुलीगट त्यांनी जवळून पाहिले. लंडनच्या फेटर लेनमध्ये तसे गट त्याआधीच सुरू झाले होते. तरीही वेस्लींच्या अनुयायांचा, म्हणजे मेथडिस्टांचा, जो ‘वर्ग’ पुढे जगभर गेला, त्याचा उगम धर्मचिंतनात नाही, कर्जात आहे. ब्रिस्टलला उभारलेल्या ‘न्यू रूम’ या सभागृहाचे देणे फिटेना. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी बैठक भरली. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवले की कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणी म्हणाले, पुष्कळांना तेवढेही परवडणार नाही. त्यावर फॉय म्हणाले, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे लावा. मी त्यांच्याकडे दर आठवड्याला जाईन आणि ज्याला देता येत नसेल त्याचे मी भरीन. अकरा आणि एक, म्हणजे बारा.

पेनी गोळा करायला घरोघर जाणाऱ्यांच्या ध्यानात आले की अमुक दारूच्या आहारी गेला आहे, तमक्याच्या घरात भांडणे आहेत. हे कानांवर येताच वेस्लींनी ओळखले की आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हेच. घरोघर जाण्यात अडचणीही होत्या. वेळ फार जाई. घरगड्यांना आणि मोलकरणींना मालक बाहेरच्यांशी बोलू देत नसत. दोघांत वाद असला तर दोघांना समोरासमोर आणल्याशिवाय तो मिटत नसे. म्हणून बाराही जण एकत्र बसू लागले. सभासदत्वाचे तिकीट दर तीन महिन्यांनी नव्याने मिळे. ज्याचे वागणे सुधारत नसे त्याला ते मिळत नसे. वर्गप्रमुख दीक्षा घेतलेला पाळक नसे. कुणी विणकर, कुणी दुकानदार, आणि बायकाही पुष्कळ. त्याच काळातले उपदेशक व्हाइटफील्ड यांची वाणी वेस्लींहून प्रभावी होती, त्यांच्यापुढे जमणारे लोकही जास्त. पण मागे राहिले ते वेस्लींचे वर्ग.

अमेरिकेत घोड्यावरून फिरणारा मेथडिस्ट प्रचारक कित्येक आठवड्यांनी एकदा येई, तोवर वर्गप्रमुखच मंडळी सांभाळी. एकोणिसाव्या शतकात गावोगाव कायमचे पाळक आले आणि वर्ग हळूहळू ओस पडला. ज्या कामासाठी तो होता ते पगारी माणसाकडे गेले, इतकीच ती गोष्ट.

मुंबईत मात्र तो याच सुमारास पोहोचला. कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर प्रवचने करणारे विल्यम टेलर १८७१च्या अखेरीस इथे आले आणि त्यांनी घरोघर सहभागितेचे गट बांधले. बहुतेक सभासद इंग्रजी बोलणारे होते, मिशनच्या पैशांवर अवलंबून राहायचे नाही हा टेलर यांचा आग्रह होता, आणि त्यातून १८७२मध्ये इथली मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. वेतन नाकारून वर्षानुवर्षे मुंबईत राहिलेले आणि मराठीतून रस्त्यावर उपदेश करणारे जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. पुढे १९१७मध्ये ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही त्यात चालत. पण दोन वर्षांतच टिळक गेले आणि तो दरबार रुजायचा राहिला.

विसाव्या शतकातली कलाटणी सेऊलची. चो योंग-गी यांनी चोय जा-शिल यांच्यासह १९५८मध्ये तंबूत सुरू केलेली मंडळी काही हजारांवर गेली आणि १९६४मध्ये ते अतिश्रमाने कोसळले. अंथरुणावरून त्यांनी काम वाटून द्यायचे ठरवले. पुरुष पुढे येईनात, तेव्हा त्यांनी ते बायकांवर सोपवले, आणि तत्कालीन कोरियन समाजात हे सोपे नव्हते. आपापल्या वस्तीत बायका गट चालवू लागल्या. गट मोठा झाला की त्याचे दोन करायचे, आणि त्यासाठी साहाय्यक प्रमुख आधीपासून घडवायचा. योइदो बेटावरची ही मंडळी जगातली सर्वांत मोठी मानली गेली. याच चो यांना २०१४मध्ये मंडळीच्या पैशांच्या गैरव्यवहारात शिक्षा झाली. प्रत्येक गटाकडे बारीक लक्ष देणारी रचना माथ्याकडे पाहायला विसरली होती.

आज मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये बुधवारी-शुक्रवारी भरणारे ‘सेल ग्रुप’ हे या साऱ्यांचे वारस. कॅथलिकांचे छोटे ख्रिस्ती समूहही आहेत, जरी त्यांची वाट वेगळी. सेल ग्रुपांतल्या बहुतेकांनी सेऊलचे हस्तपुस्तक उचलले: पंधरा झाले की दोन गट करा, नवा प्रमुख तयार ठेवा. एकमेकांना सरावलेली माणसे अर्थातच फुटायला तयार नसतात, आणि कित्येक गट वर्षानुवर्षे त्याच पंधरांवर थांबतात. ब्रिस्टलमधला भाग मात्र फारच थोड्यांनी घेतला. गाणी होतात, वचनावर चर्चा होते, चहा होतो. पण गेला आठवडा कसा गेला, हे नाव घेऊन विचारायचे आणि ज्याच्याकडे पेनी नाही त्याची आपण भरायची, हे फॉय यांचे काम अनेक प्रमुखांच्या यादीतच नसते.