बोर्जिया घराणें आणि देवाची कृपा



ज्युबिलीच्या पुस्तकांत इतिहास लिहावयाचा म्हणजे चांगल्या माणसांचीं नांवें लिहावयाचीं, असा आपल्याकडे परिपाठ पडला आहे. देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं दिली, कोणत्या घरांतून धर्मगुरू व धर्मभगिनी निघाल्या, हें सर्व स्मरणिकेंत येणें योग्यच आहे. परंतु ज्याच्या कपाटांत बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या व मृत्यूच्या नोंदवह्या आहेत, त्यास ठाऊक असतें कीं, कोणत्याहि धर्मग्रामाचा सबंध इतिहास इतका गोड नसतो. त्या वह्यांतील दोन ओळींच्या मध्यें भावाभावांचे तंटे असतात, दारूनें बुडालेलीं घरें असतात आणि ज्यांविषयीं गांवांत हळू आवाजांत बोललें जातें अशीं नांवेंहि असतात. ह्या शुभप्रसंगीं आम्ही कोणाचीहि जुनी जखम उघडूं इच्छीत नाहीं. म्हणून आपल्या गांवापासून पुष्कळ दूरच्या एका घराण्याचें वृत्त सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्या घराण्याच्या नांवानें आजहि लोक नाक मुरडतात, आणि त्याच घराण्यानें ख्रिस्तसभेला एक संत दिला. तें घराणें बोर्जियांचें.

हें कुळ मूळचें स्पेन देशाच्या पूर्वेकडील वॅलेन्सिया प्रांतांतलें. त्यांतील आल्फोन्सो नांवाचे विद्वान धर्मगुरू इ. स. १४५५ सालीं पोप झाले व त्यांनीं तिसरे कॅलिक्स्टस हें नांव धारण केलें. संत जोन ऑफ आर्क हिच्यावर झालेल्या अन्यायाची फेरचौकशी ह्यांच्याच आज्ञेनें झाली व इ. स. १४५६ मध्यें तिचें नांव निष्कलंक ठरलें. परंतु जो हात एका परक्या मुलीला न्याय देण्यास झटला, तोच हात स्वतःच्या आप्तांच्या बाबतींत ढिला पडला. त्याच वर्षीं त्यांनीं आपला तरुण भाचा रोड्रिगो ह्यास कार्डिनल केलें. भाच्याची माया, एवढेंच निमित्त. पण पुढील सर्व अनर्थाचें बीज तेथें पडलें.

हाच रोड्रिगो ऑगस्ट १४९२ मध्यें सहावे अलेक्झांडर ह्या नांवानें पोप झाला. कारभारांत हुषार, बोलण्यांत गोड, परंतु ब्रह्मचर्याचें व्रत त्यानें पाळलें नाहीं. व्हॅनोझा नांवाच्या स्त्रीपासून त्यास चार मुलें झालीं: चेझारे, हुआन, लुक्रेझिया व जोफ्रे. ह्या मुलांना पदव्या, जहागिरी व सोयरिकी मिळवून देण्याकडे त्यानें आपल्या पदाचें वजन खर्च केलें. चेझारे ह्यास तर सतरा-अठराव्या वर्षींच कार्डिनल केलें, पुढें इ. स. १४९८ मध्यें तें पद टाकून त्यानें तलवार हातीं घेतली व इ. स. १५०७ मध्यें नवार प्रांतांत एका चकमकींत तो मारला गेला. लुक्रेझियेच्या नांवावर विषप्रयोगाच्या ज्या कथा सांगतात त्यांस पुरावा नाहीं. बापाच्या व भावाच्या राजकारणांत जिचीं लग्नें मांडलीं व मोडलीं गेलीं, अशी ती एक स्त्री होती, इतकेंच न्यायानें म्हणतां येतें.

आमचे कित्येक वाचक येथें दचकतील. “पाद्रीबोवा, हें ज्युबिलीच्या पुस्तकांत कशाला?” असें विचारतील. त्यांना आमचें उत्तर असें कीं, ख्रिस्तसभेनें स्वतःच हें लपविलेलें नाहीं. पोप तेरावे लिओ ह्यांनीं इ. स. १८८१ मध्यें व्हॅटिकनचें जुनें दप्तर अभ्यासकांना खुलें केलें, आणि लुडविग पास्टर ह्या श्रद्धाळू कॅथलिक इतिहासकारानें त्या आधारें अलेक्झांडरचें चरित्र कांहींहि न झांकतां लिहिलें. सत्याला भ्यावयाचें कारण नाहीं. संत ऑगस्टीन ह्यांनीं फार पूर्वींच शिकविलें आहे कीं, देणारा सेवक मलिन असला तरी संस्कारांची कृपा मलिन होत नाहीं, कारण खरा देणारा ख्रिस्त आहे. मात्र ह्यामुळें सेवकाचा दोष हलका होत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

आतां एका रात्रीकडे वळूं. तारीख १४ जून १४९७. पोपचा लाडका मुलगा हुआन, स्पेनमधील गांदिया येथील दुसरा ड्यूक, आईकडे रात्रीचें जेवण करून परत निघाला तो घरीं पोहोंचलाच नाहीं. दोन दिवसांनीं टायबर नदींतून त्याचें प्रेत काढलें. अंगावर नऊ घाव होते आणि पैशांची पिशवी जशीच्या तशी होती. मारेकरी कोण हें कधींच सिद्ध झालें नाहीं. संशय तर सख्ख्या भावावरहि घेतला गेला. म्हातारा बाप दार लावून बसला आणि कित्येक दिवस त्यानें अन्नपाणी घेतलें नाहीं. नंतर कार्डिनलांच्या सभेंत त्यानें कबूल केलें कीं, हा आपल्या पापांचा दंड आहे. ख्रिस्तसभेच्या सुधारणेसाठीं त्यानें सहा कार्डिनलांची समिति नेमली व आज्ञापत्राचा मसुदाहि तयार झाला. परंतु शोक ओसरला तसा निश्चयहि ओसरला. तें आज्ञापत्र कधीं निघालेंच नाहीं. देवाची कृपा दार ठोठावीत उभी होती. दार किंचित् उघडलें आणि पुन्हां लागलें. प्रिय वाचकहो, आपल्यापैकीं किती जणांनीं बापाच्या प्रेताशेजारीं बाटली सोडण्याची शपथ घेतली, आणि महिन्याच्या मिस्सापर्यंत ती विसरली गेली! अलेक्झांडरला दगड मारण्यापूर्वीं हें आठवावें.

पण त्याच मृत्यूनें दुसऱ्या एका घरांतहि दार ठोठावलें. मारल्या गेलेल्या ड्यूकची तरुण विधवा मारिया एन्रिकेझ स्पेनमध्यें होती. तिनें सूड मांडला नाहीं, दुसरें लग्न केलें नाहीं. लेंकरांना देवाच्या धाकांत वाढविलें आणि उधळपट्टीनें पोखरलेली जहागीर काटकसरीनें सांवरली. तिची मुलगी गांदिया येथील संत क्लेअरच्या मठांत गेली. मुलाचें लग्न होऊन घराण्यास वारस झाल्यावर ती स्वतःहि त्याच मठांत साधी भगिनी होऊन राहिली. इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत तिला दोन ओळी मिळतात. परंतु आमच्या मतें बोर्जिया घराण्याची कूस बदलली ती ह्या बाईच्या प्रार्थनेनें.

तो वारस म्हणजे संत फ्रान्सिस बोर्जिया. जन्म गांदिया येथें, तारीख २८ ऑक्टोबर १५१०. बापाकडून तो पोप अलेक्झांडरचा पणतू. आईकडून तो राजा फर्डिनांडचा पणतू, पण तेंहि सरळ वाटेनें नव्हे. त्याच्या आईचे वडील हे राजाचे अनौरस पुत्र असून सारागोसाचे आर्चबिशप होते. म्हणजे दोन्ही बाजूंनीं वंशवृक्षाच्या फांदीला कीड लागलेली. आपल्या गांवांत असा मुलगा जन्मता तर त्याच्याविषयीं काय भाकीत झालें असतें हें आम्ही सांगावयास नको.

फ्रान्सिस सम्राट पांचवा चार्ल्स ह्याच्या दरबारीं वाढला. इ. स. १५२९ मध्यें त्याचें लग्न लिओनोर दे कास्त्रो ह्या पोर्तुगीज सरदारकन्येशीं झालें व त्यांस आठ अपत्यें झालीं. ता. १ मे १५३९ रोजीं सुंदर सम्राज्ञी इसाबेला मरण पावली आणि तिची शवपेटी ग्रानाडा येथें पोहोंचविण्याचें काम त्याच्याकडे आलें. ओळख पटविण्यासाठीं पेटी उघडली तेव्हां तो चेहरा ओळखूं येईना. मरणाऱ्या धन्याची चाकरी पुन्हां करावयाची नाहीं असा निश्चय त्यानें तेथेंच केला, असें परंपरा सांगते. पण कृपेचें काम बहुधा एका दिवसांत होत नाहीं. त्यानंतरहि चार वर्षें तो कॅटॅलोनिया प्रांताचा व्हाइसरॉय होता, आणि अंगानें इतका स्थूल होता कीं त्याच्या कंबरपट्ट्याविषयीं थट्टा चाले. प्रार्थना, उपास व गरिबांचा कैवार हे मात्र दिवसेंदिवस वाढत गेले. इ. स. १५४६ मध्यें पत्नी वारली. त्याच वर्षीं त्यानें येशूसंघांत प्रवेश करण्याचें ठरविलें, पण मुलांची व्यवस्था लागेपर्यंत तें गुप्त ठेविलें. देह ताडण्यांत तो अतिरेक करूं लागला तेव्हां संत इग्नेशियस ह्यांनीं पत्र लिहून त्यास आंवरलें. शरीरहि देवाचें आहे, तें मोडूं नये, असा त्यांचा उपदेश होता. इ. स. १५५१ मध्यें जहागीर थोरल्या मुलाच्या स्वाधीन करून तो धर्मगुरू झाला. सहीच्या जागीं तो “फ्रान्सिस पापी” असें लिही. आपल्या घराण्याचें स्मरण त्यास होतें. परंतु त्यानें तें ओझें दुसऱ्याच्या डोक्यावर दिलें नाहीं, आपल्याच नांवापुढें लिहिलें.

जुलै १५६५ मध्यें तो येशूसंघाचा तिसरा प्रमुख निवडला गेला. त्याच्या कारकीर्दींत फ्लोरिडा, पेरू व मेक्सिको येथें मिशनरी गेले. ज्या रोमच्या रस्त्यांवर पणजोबाच्या कीर्तीचा बोभाटा झाला होता, तेथेंच पणतूनें १५६६ च्या सांथींत भिक्षा गोळा करून आजाऱ्यांची शुश्रूषा करविली. संत स्टॅनिस्लॉस कोस्टका ह्यास त्यानेंच संघांत घेतलें. त्याच्याच काळीं, इ. स. १५६८ मध्यें, आत्रीच्या ड्यूकचा मुलगा रुडोल्फ आक्वाविवा ह्यानें रोममध्यें संघप्रवेश केला. हाच रुडोल्फ पुढें गोव्यास आला, बादशहा अकबराच्या दरबारीं राहिला, आणि जुलै १५८३ मध्यें साष्टींतील कुंकळ्ळी येथें चार सोबत्यांसह मारला गेला. इ. स. १८९३ मध्यें त्यांस धन्य म्हणून घोषित करण्यांत आलें. तेथील लोकांचीं देवळें पोर्तुगीज सत्तेनें पाडलीं होतीं व त्या क्षोभांत हें घडलें, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. दोष बोर्जियांच्याच घरांत होते असें नाहीं. ख्रिस्ती कुटुंबाच्या ह्या मोठ्या घरांतहि होते.

एक गोष्ट आणखी. घरांत एक संत झाला म्हणजे सारें घर आपोआप शुद्ध होतें असें नाहीं. फ्रान्सिस धर्मगुरू होऊन अकरा वर्षें झालीं असतां, इ. स. १५६२ मध्यें, त्याच्या एका सावत्र भावास खुनाच्या प्रकरणीं देहान्त शासन झालें. त्यानें तें दुःखहि सोसलें. ज्या माता वाया गेलेल्या मुलासाठीं रोज जपमाळ म्हणतात, त्यांनीं हें ध्यानीं ठेवावें. संतांच्याहि घरांत अशा प्रार्थना चालत. इ. स. १५७२ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरच्या रात्रीं फ्रान्सिसनें रोममध्यें देह ठेविला, आणि इ. स. १६७१ मध्यें पोप दहावे क्लेमेंट ह्यांनीं त्यास संतपद दिलें. ज्या आसनावर अलेक्झांडर बसला होता, त्याच आसनावरून त्याच्या पणतूचें नांव वेदीवर चढलें.

हें वृत्त आम्हीं निवडलें ह्यास एक कारण आहे, आणि तें कबूल केल्यावांचून लेखणी ठेववत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं, आम्ही दुसऱ्या एका ठिकाणीं तरुण धर्मगुरू असतां, एक मुलगा आमच्याकडे आला व सेमिनरींत जाण्यासाठीं त्यानें शिफारस मागितली. मुलगा गुणी होता. परंतु आजा तुरुंगांत जाऊन आलेला व बाप दारुडा, म्हणून आम्हीं थंडपणें “पुढें पाहूं” म्हटलें आणि पुढें कधींच पाहिलें नाहीं. अलीकडे त्याची गांठ पडली. अर्धांगानें पडलेल्या त्याच बापाला तो आपल्या हातानें न्हाऊं घालीत होता व जेवूं घालीत होता. आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो हंसून म्हणाला, “फादर, मी कुठें रिकामा राहिलों? देवानें मला हें काम दिलें.” जें आम्हीं त्याच्या घराण्यांत शोधलें तें सांपडलें होतें, जें त्याच्या अंतःकरणांत होतें तें आम्हीं शोधलेंच नाहीं.

संत मत्तयानें प्रभूची वंशावळ लिहितांना तामार, राहाब व उरियाची बायको ह्यांचीं नांवें गाळलीं नाहींत. त्यानें तीं गाळलीं असतीं तरी कोणीं विचारलें नसतें. प्रभूला आपल्या कुळाची लाज वाटली नाहीं. मग लग्न जुळवितांना, बाप्तिस्म्यास धर्मपिता निवडतांना किंवा भांडणांत तोंड उघडतांना “अमक्याच्या घरचा” हा शब्द आपण कोणत्या तोंडानें उच्चारावा? चौकशी करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. माणसाची चौकशी जरूर करावी. पण ती त्या माणसाचीच करावी, त्याच्या आज्याची नव्हे.

आपल्या ज्युबिलीची खरी शोभा पताकांत व दीपांत नाहीं. ज्या घराशीं आपलें कित्येक वर्षांचें बोलणें तुटलें आहे, त्या घराचा उंबरा ह्या सणांत ओलांडला जावो. मारिया एन्रिकेझसारख्या माता आपल्या घरोघरीं निपजोत, आणि ज्या फांदीला आपण वाळलेली म्हणून सोडून दिलें तिला प्रभु फळ आणो, हीच त्याच्या पवित्र हृदयापाशीं आमची नम्र प्रार्थना आहे.