एक तबकडी, दोन भाषा आणि आमचे बऱ्हाणपूर

दिवाळीच्या आधी माळा झाडायला काढला, की आमच्या घरी एक प्रश्न दरवर्षी निघतो : ही तबकडी ठेवायची, की भंगारवाल्याला द्यायची? वाजवायला फोनो उरलेला नाही. त्याची सुई गावात मिळेनाशी झाली, त्यालाही आता एक पिढी लोटली. तरी वेष्टनावरची धूळ हलक्या हाताने पुसली जाते आणि तबकडी पुन्हा माळ्यावर आपल्या जागी जाते. तिचे नाव 'शिवकल्याण राजा'.

यंदा हा प्रश्न निघाला तेव्हा इंदूरला शिकणारा माझा मुलगा घरी होता. कानाला यंत्र लावून तो काहीतरी ऐकत होता. काय, म्हणून विचारले तर म्हणाला, "बाबा, अमेरिकेतला एक अल्बम आहे, 'इलमॅटिक'. नास नावाच्या रॅपरचा. १९९४ चा." मी म्हटले, "अरे, तुझ्या जन्माच्या आधीचा! इतके जुने तुम्हा पोरांना कसे चालते?" तो हसून माझ्या हातातल्या तबकडीकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि तुमची?"

त्या दोन शब्दांनी मला विचारात पाडले. मी इतिहासाचा विद्यार्थी, चौकशी केली. हिपहॉप हा प्रकार न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मला आणि त्याची सुरुवात म्हणून ११ ऑगस्ट १९७३ ची तिथली एक घरगुती मेजवानी सांगितली जाते. 'इलमॅटिक' करणारा नास त्या वेळी अवघा वीस वर्षांचा होता. क्वीन्सब्रिज नावाच्या सरकारी चाळींच्या वस्तीत तो वाढला आणि चाळीस मिनिटांच्या आतबाहेर त्याने ती वस्ती शब्दांत उभी केली. २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत त्याची नोंद केली. म्हणजे त्यांच्याकडेही माळ्यावरून खाली न उतरणाऱ्या तबकड्या आहेत तर! मग आमची तबकडी पन्नास वर्षे का टिकली, याचा शोध घ्यावासा वाटला. वाचकांपैकी अनेकांच्या घरी ती असेल, निदान कानात तरी असेलच.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. त्या घटनेला ३०० वर्षे पूर्ण झाली त्या १९७४ सालात एच. एम. व्ही. ने ही ध्वनिमुद्रिका काढली. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, स्वर लताबाईंचा आणि निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचे. हृदयनाथ तेव्हा ऐन छत्तिशीत होते. एल. पी. च्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे, त्यात एक आयुष्य बसवायचे. कीर्तनकाराला ही अडचण नसते. त्याच्या हाती अख्खी रात्र असते.

ही अडचण त्यांनी सोडवली ती नव्या पोवाड्यांची खोगीरभरती करून नव्हे. त्यांनी मराठी कवितेचे कपाट उघडले. समर्थ रामदास घेतले, जे प्रत्यक्ष त्या काळातले. गोविंदाग्रजांनी लिहिलेली जिजाऊंची अंगाई घेतली. गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी, १९१९ सालीच वारले होते. सावरकरांचे शिवस्तवन घेतले. कुसुमाग्रजांच्या दोन कविता घेतल्या : एक बाजीप्रभूंची, दुसरी प्रतापराव गुजरांची. शंकर वैद्यांचे राज्याभिषेकावरचे गीत घेतले. तीनशे वर्षांच्या अवधीत वेगवेगळ्या कवींनी एकाच माणसाकडे कसे पाहिले, ते एका बैठकीत ऐकायला मिळावे, अशी ही रचना आहे. निवेदनाच्या धाग्याने सगळे मणी एकत्र ओवले जातात. म्हणून एखादे गाणे सुटे ऐकले तरी गोड लागते. पण सगळी तबकडी क्रमाने ऐकली की पाळण्यापासून सिंहासनापर्यंतचा प्रवास घडतो.

प्रतापरावांचे गाणे घ्या. फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत सरसेनापती प्रतापराव मोजक्या साथीदारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कामी आले. राज्याभिषेकाला तेव्हा चार महिनेही उरले नव्हते. नेसरी गडहिंग्लज तालुक्यात, म्हणजे तीही आपल्यासारखीच सीमाभागातली! कुसुमाग्रजांची कविता पुस्तकात वाचताना डोळे ओलावतात. तबकडीवर ऐकताना मात्र घोड्यांच्या टापा आधी छातीत वाजतात आणि अर्थ मागाहून पोचतो. लहान मुलाला 'सरसेनापती' या शब्दाचा अर्थ कळत नसला तरी काहीतरी मोठे आणि दुःखाचे घडले, हे उमगते. मी पहिल्यांदा हे गाणे ऐकले ते गणेशोत्सवाच्या कर्ण्यावर, सहा-सात वर्षांचा असताना. आईचा पदर धरून उभा होतो, एवढे आठवते.

आता या तबकडीतल्या ज्या एका रचनेने आम्हा बऱ्हाणपूरकरांना विशेष आपलेसे केले, तिच्याकडे वळतो. ती मराठी नाहीच. ती कवी भूषणाची, ब्रजभाषेतली. भूषण हा कानपूरजवळच्या तिकवांपूरचा. 'शिवराजभूषण' हा त्याचा अलंकारशास्त्रावरचा ग्रंथ. अलंकाराची व्याख्या द्यायची आणि उदाहरण मात्र शिवाजी महाराजांचे, अशी त्याची तऱ्हा. उत्तरेकडचा कवी, ब्रजभाषेत, मराठी राजाचे गुण गातो. आणि तीनशे वर्षांनी मराठी संगीतकार ते कवन मराठी तबकडीत मानाने बसवतो. ज्यांच्या घरी आजीशी मराठी, दाराबाहेर हिंदी आणि बाजारात निमाडी बोलली जाते, त्यांना यात स्वतःचेच घर दिसले तर नवल नाही!

या कवनाची घडण मी वर्गात फळ्यावर मांडून दाखवतो. छंद घनाक्षरी. एका चरणात ३१ अक्षरे. आठ, आठ, आठ आणि सात असे तुकडे. पहिल्या तीन तुकड्यांच्या शेवटी यमक जुळते आणि चौथा तुकडा एक अक्षर कमी पडून ठोका देत थांबतो. त्यातून उपमांची माळ : अंधारावर प्रकाश, हत्तीवर सिंह, कंसावर कृष्ण. एकामागून एक ठोसे बसावेत तशा त्या येतात. अर्थ नंतर विचारा. आधी जीभ आणि ताल यांची जोडी जमली पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी हे शिकवत असताना मागच्या बाकावरून ठेका ऐकू आला. पॉवरलूमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा दोन्ही हातांनी बाक वाजवत होता. रागवायला म्हणून गेलो, तर म्हणाला, "सर, ये तो पूरा रॅप है!" आणि त्याने एक चरण न अडखळता म्हणून दाखवला. लूमच्या खटखटीत वाढलेले पोर; तालाला चुकेल कसे? मराठी त्याला येत नव्हती, भूषणाचे नाव त्याने त्याच दिवशी ऐकले होते. पण चरणाच्या आत लपवलेली यमके त्याच्या कानाने ओळखली. माझ्या मुलाकडून कळले, की 'इलमॅटिक'ची थोरवी सांगताना जाणकार याच गोष्टीवर बोट ठेवतात : ओळीच्या शेवटी नव्हे, ओळीच्या पोटात यमके. टिकणाऱ्या तबकडीचे एक मर्म मला त्या बाकावर सापडले. शब्द असा घडवलेला असावा, की भाषा न येणाऱ्यालाही तो तोंडात धरता यावा.

पण तो मुलगा तेवढ्यावर थांबला नाही. तास संपल्यावर माझ्यामागे आला आणि हळूच म्हणाला, "सर, जिनका ये गाना है, उन्हीं के बेटे ने हमारा बहादुरपूर लूटा था ना?"

वाचकहो, खरे सांगतो, तीस वर्षांच्या मास्तरकीत इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. प्रश्न खरा होता. १६८१ च्या जानेवारीअखेर संभाजीराजांच्या फौजेने, हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली, बऱ्हाणपूरवर झडप घातली आणि शहराबाहेरचे बहादुरपूर हे श्रीमंत पुरे लुटले. सुभेदार खानजहान बहादूर त्या वेळी शहरात नव्हता. शहरच्या लोकांनी बादशहाला कळवले, की आमच्या जीविताची व मालमत्तेची हमी नसेल तर जुम्म्याची नमाज थांबवू; असे खाफीखान लिहितो. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरात दाखल झाला. दक्षिणेतून तो पुन्हा परत गेला नाही.

त्या मुलाला मी काय सांगायचे? प्रश्न टाळला असता, तर इतिहासाचा शिक्षक म्हणून उभे राहायला तोंड उरले नसते. पुढच्या रविवारी त्याला आणि आणखी चारपाच मुलांना घेऊन तापीकाठी राजाच्या छत्रीवर गेलो. मिर्झाराजे जयसिंगांची ही छत्री. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांकडून २३ किल्ले घेणारे, बादशहाचे मोठे सेनापती. महाराज आग्र्याहून निसटल्यावर त्यांचे वजन उतरले, दक्षिणेतून परत बोलावणे आले आणि वाटेत ऑगस्ट १६६७ मध्ये इथे बऱ्हाणपुरातच त्यांचा अंत झाला. मुलांना म्हटले, "पाहा. शिवाजी महाराजांशी लढणारा हा सेनापती राजपूत हिंदू. महाराजांच्या आरमारातला दौलतखान आणि त्यांचा पारसनीस काझी हैदर हे मुसलमान. तेव्हा गाण्यातला एखादा शब्द घेऊन आजच्या शेजाऱ्याला मोजू नका. भूषण हा राजाचे गुण गाणारा कवी. त्याचे काम स्तुतीचे. बहादुरपुरात ज्याचे दुकान लुटले गेले त्याचे गाणे कोणी लिहिले नाही, म्हणून ते दुकान नव्हते असे होत नाही. ते आठवण ठेवण्याचे काम इतिहासाचे."

तो मुलगा बराच वेळ खांब मोजत राहिला. मग म्हणाला, "तो गाना भी सच है, लूट भी सच है." मी म्हटले, "हो." एम. ए. ला दोन वर्षे घालवून मी जे शिकलो, ते यापेक्षा फार वेगळे नव्हते.

आता आपल्या माणसांसाठी दोन शब्द. १ नोव्हेंबर १९५६ ला प्रांतांची पुनर्रचना झाली; विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि निमाडबरोबर आपण मध्य प्रदेशात राहिलो. रेल्वेने भुसावळ तासाभराच्या अंतरावर, पण पोराच्या दप्तरातले पुस्तक हिंदीत. यात कोणाचा दोष नाही. राज्याची भाषा शाळेत असणारच. पण घरातली मराठी हळूहळू कानापुरती उरली. माझ्या धाकट्या भावाला आजही मराठी वर्तमानपत्र वाचायला वेळ लागतो. मात्र ही तबकडी त्याला पाठ आहे, निवेदनासकट! रामदासांची भारदस्त संस्कृतप्रचुर मराठी, कुसुमाग्रजांची धारदार मराठी, पुरंदऱ्यांची बखरीच्या वळणाची मराठी, हे सारे त्याच्याकडे कानातून आले. आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांची मराठी शाळा म्हणजे ही एल. पी., पुढे तिची कॅसेट, आणि मग कॅसेट अडकली की पेन्सिल घालून गुंडाळण्याची खटपट.

कानाने आलेली भाषा पुरेशी आहे का? नाही. ऐकून पाठ झालेले गाणे म्हणजे वाचता आलेले पुस्तक नव्हे, आणि अभिमान म्हणजे अभ्यास नव्हे. ही तबकडी दार उघडून देते; आत जायचे काम आपले. मुलांना ती जरूर ऐकवा. ऐकवल्यावर मात्र कुसुमाग्रजांची कविता छापील अक्षरांत त्यांच्यापुढे ठेवा, भूषणाची अक्षरे त्यांच्याकडून मोजून घ्या आणि एखाद्या सुट्टीत छत्रीवर घेऊन जा. मग ती बहादुरपूरचा प्रश्न आपोआप विचारतील. विचारतील तेव्हा गप्प बसू नका.

लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ ला गेल्या. त्याच्या जेमतेम तीन महिने आधी बाबासाहेब गेले होते. त्या रात्री मुलाने त्याच्या मोबाइलवर 'शिवकल्याण राजा' लावले आणि आम्ही सगळे न बोलता शेवटपर्यंत ऐकत बसलो. यंत्र बदलले, आवाज तोच.

आणि माळ्यावरच्या तबकडीचे काय झाले? यंदा पत्नीने विचारले तेव्हा मी काही बोलायच्या आत मुलगाच म्हणाला, "आई, राहू दे." त्याने तबकडी पुसली, वेष्टनावरची नावे अडखळत, एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचली आणि पुन्हा वर ठेवून दिली.