फणसाच्या ओंडक्याचा भाव

आमच्या कुडाळकडच्या गावांत उभा फणस तोडायला कुणी सहसा धजत नसे. पावसाळी वाऱ्यानं एखादा उन्मळून पडला, तरच त्याच्या लाकडाचा विचार व्हायचा. मग दोन दिवसांत दोघे हजर. एक लाकडाचा व्यापारी, दुसरा गावचा मेस्त्री. व्यापारी झाडाभोवती एक फेरी मारी आणि उक्ता आकडा सांगे. मेस्त्री आकडा सांगतच नसे. तो आधी कुऱ्हाडीच्या पाठीनं ओंडका ठोकून बघे.

या ठोकण्यात बरंच काही होतं. जुना फणस आतून पोकळ असू शकतो आणि पोकळ लाकडाचा आवाज वेगळा येतो. मग तो दोन्ही तोंडं बघे. मधला पिवळाधमक गाभा किती रुंद, बाहेरचं फिकट लाकूड किती, मधोमध चीर गेली आहे का. गाभ्याला वाळवी सहजी लागत नाही, तो वर्षानुवर्षं टिकतो आणि हळूहळू तांबूस-तपकिरी होत जातो. बाहेरच्या फिकट लाकडाला मात्र भुंगा धरतो. शेवटी तो सालीवरून हात फिरवी. सालीच्या रेघा पीळ घेत वर गेल्या असतील, तर आतलं लाकूडही पिळाचं, त्याची फळी पुढं वाकणार. जिथं फांदी फुटली तिथं गाठ. एवढं झाल्यावर ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना शेण लिंपायचं, म्हणजे तो लवकर सुकून तडकत नाही, आणि दगडांवर, सावलीत ठेवायचा.

मोजणी त्यानंतर. ओंडक्याच्या मध्यावर सुतळी गुंडाळायची, तिची चौघडी करायची, त्या चौथाईचा वर्ग करून लांबीनं गुणायचं. घेर ६ फूट, तर चौथाई दीड फूट. दीड गुणिले दीड सव्वादोन. लांबी १० फूट, म्हणजे साडेबावीस घनफूट. ही रीत इंग्रजी. एडवर्ड हॉपस या इंग्रजाचं लाकूडमोजणीच्या कोष्टकांचं पुस्तक १७३६ साली निघालं, आणि पुढं इंग्रजी अमलात त्याची चौथाई आपल्या लाकूडबाजारातही रुजली. पण गोल ओंडक्याचं खरं माप काढलं, तर त्याच लाकडात साडेअठ्ठावीस घनफुटांहून थोडं जास्त भरतं. म्हणजे पाचव्या हिश्शाहून अधिक लाकूड मोजणीतच गळतं. साल निघते, कडेच्या चिरफळ्या वाया जातात, त्याची ही वजावट, असं कारण सांगतात, आणि ते खोटं नाही. पण त्या चिरफळ्यांवर विकणाऱ्याच्याच घरची चूल महिनाभर पेटायची. त्या फुकट का द्यायच्या, हे विचारणारं माणूस गावात विरळाच.

आमच्या काकींचा परसातला फणस पडला, तेव्हा काकांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मुलीचं लग्न ठरलेलं आणि हातात पैसा नाही. व्यापारी म्हणाला, "काकी, फणस तो फणस, सागवान न्हय. जळणाच्या भावान देवन टाका." पैसे त्यानं कनवटीला आणलेले होते. मेस्त्री खळ्यात बसून होता. तो एवढंच बोलला, "कापूच्या आदी काय करूचा ता ठरवा. कापल्यार लाकूड परत जुळना नाय."

काकींनी व्यापाऱ्याला परत पाठवलं. बुंध्याकडचा ६ फुटांचा तुकडा सरळ आणि भरीव होता. तो शेजारच्या गावात बांधत असलेल्या घराच्या चौकटीला गेला. वरच्या ४ फुटांत गाठी होत्या. त्यावर काव लावलेलं सूत मारून, एक वर एक खाली असे दोघे करवत ओढत बसले आणि गाठी चुकवून आखूड फळ्या काढल्या. त्यातून लग्नाचे पाट झाले. वाकडी फांदी नांगराच्या कामाला ठेवली, बाकीचं जळण. हिशेब केला तेव्हा उक्त्या आकड्याच्या दुप्पट रक्कम झाली. पण ती यायला अडीच महिने लागले, आणि तेवढे दिवस काकींनी भात उसनं आणून काढले. ज्याला थांबता येत नाही, त्याचं लाकूड जळणाच्या भावानंच जातं. त्याची नड किती, हे व्यापाऱ्याला ओंडक्याइतकंच नीट दिसतं.

हाच फणस तंजावरात गेला की वीणा होतो. ज्या तंजावरावर भोसल्यांनी जवळजवळ १८० वर्षं राज्य केलं, तिथं एकाच अखंड लाकडातून कोरलेल्या वीणेचा मान मोठा, आणि ते लाकूड फणसाचं. वाकड्या लाकडाचंही तसंच. लाकडी जहाजाच्या बांधणीत नैसर्गिक बाक असलेल्या फांदीला किंमत असते, कारण सरळ लाकूड कापून केलेला बाक तेवढा मजबूत होत नाही.

आरमाराला आंबा-फणसही उपयोगी, हे मराठी राज्यकर्त्यांना ठाऊक होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या, १७१५च्या सुमाराच्या आज्ञापत्रात तरीही या झाडांना हात लावू देऊ नये, असं बजावलं आहे. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झालेलं झाड हवं असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानं तोडावं. जबरदस्ती करू नये.

महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्यातही परवानगीशिवाय तोडायला बंदी असलेल्या झाडांत आंबा आणि फणस आहेत. पण कायदा झाड उभं असेपर्यंत राखण करतो. आडव्या झालेल्या झाडाचा भाव धन्यालाच राखावा लागतो. आता गिरणीत यंत्राची करवत आहे, ओंडक्याच्या फळ्या तासाभरात पडतात. त्यामुळे ठरवायला मिळणारा वेळ उलट कमी झाला आहे. परसातलं झाड पडलं, तर पहिल्या दिवशी सुतळी आणि शेण घेऊन जावं, दोन्ही तोंडं बघावी, आणि करवतीला मागाहून बोलवावं.