विजेने घडविलेले वजन

ट्रान्सफॉर्मरच्या पोटात तेल असते, हे आम्हांस वीजकामगारांच्या संगतीत कळले. ते वीज वाहू देत नाही, उष्णता मात्र वाहून नेते. गुंडाळ्यांपाशी तापलेले तेल हलके होऊन वर चढते, बाजूच्या नळ्यांतून निवत खाली उतरते. ह्या फेऱ्याला अभिसरण म्हणतात. तो चालविते पृथ्वीची ओढ. ती ओढ काढून घेतली तर फेरा थांबेल. पण तिचे काम वीजही करू शकते.

विजेची अशी ओढ जुनीच ठाऊक होती. घासलेला अंबर जवळ नेला की पाण्याचा थेंब शंकूसारखा उचलला जातो, असे लंडनचे वैद्य विल्यम गिल्बर्ट ह्यांनी 1600 साली लिहून ठेवले आहे. विद्युत्‌रोधक द्रवही जिकडे विद्युत्‌क्षेत्र प्रबळ तिकडे ओढला जातो. द्रव तापला की त्याचा हा गुण उणावतो. म्हणून थंड द्रव प्रबळ क्षेत्राकडे सरकतो आणि तापलेला दूर लोटला जातो. जणू थंड द्रव जड, तापलेला हलका. येथे ‘खाली’ म्हणजे जमिनीकडे नव्हे, तर क्षेत्र प्रबळ असेल तिकडे.

आता एका गोलाभोवती दुसरा मोठा गोल ठेवा, मधल्या पोकळीत तेल भरा आणि दोहोंमध्ये हजारो व्होल्टांचा दाब लावा. तो सतत दिशा पालटणारा हवा, नाहीतर तेलात विद्युद्भार साचून भलतेच प्रवाह सुरू होतात. आतल्या गोलापाशी क्षेत्र सर्वांत प्रबळ असते. सबब सगळीकडून ‘खाली’ म्हणजे केंद्राकडे. हातात मावेल एवढा ग्रह तयार झाला! पण तो टेबलावर चालेना. पृथ्वीची ओढ विजेच्या ओढीला दडपून टाकी.

म्हणून कोलोरॅडो विद्यापीठाच्या जॉन हार्ट ह्यांचे उपकरण 29 एप्रिल 1985 रोजी ‘चॅलेंजर’ यानातून अंतराळात गेले. त्यात पुरा गोल नव्हता, फिरता अर्धगोल होता. यानात सात माणसे होती आणि बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. आठ तासांच्या दिवसासाठी भांडलेल्या आम्हांस हे वाचून जरा थबकावे लागले, असो. अर्धगोल जलद फिरविला आणि बेताने तापविला, तेव्हा तेलात उत्तर-दक्षिण पसरलेले लांब पट्टे उमटले. शास्त्रज्ञांनी त्यांना चक्क ‘केळी’ म्हटले! उष्णता वाढविताच ती केळी मोडली. सूर्याच्या पोटातील अभिसरण समजून घ्यावयाचे, तर हेच पाहावयाचे होते.

नक्कल मात्र पुरी नव्हे. ह्या गोलात केंद्रापासूनचे अंतर दुप्पट केले की ओढ बत्तिसाव्या हिश्शावर येते. पृथ्वीच्या प्रावरणात ती जवळजवळ सारखीच राहते. हा फरक गणितात धरूनच निष्कर्ष काढावे लागतात.

28 जानेवारी 1986 रोजी ‘चॅलेंजर’ नष्ट झाले आणि त्यातील सातही जण गेले. ते पथक निराळे होते, यान तेच. हार्ट ह्यांचा प्रयोग पुन्हा उडाला तो 1995 साली, ‘कोलंबिया’तून. पुढे 2008 मध्ये जर्मनीतील कॉटबुसच्या संशोधकांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पुरा गोल चालविला. त्यात सिलिकोन तेल होते. 2011 च्या फेरीत त्याऐवजी नोनॅनॉल भरले, कारण तापमानाबरोबर त्याचा दाटपणा बदलतो, जसा पृथ्वीच्या प्रावरणातील खडकाचा बदलतो. त्या द्रवात आतल्या गोलापासून तापलेले बारीक झोत बाहेर निघताना दिसले.