मेणाचे पाय आणि झिजेचा इतिहास

सप्टेंबरात वांद्र्याच्या जत्रेत, मोतमाउलीच्या टेकडीवर, मेणाचे हात, पाय, डोळे विकायला असतात. दुखतो तो अवयव माउलीपुढे वाहायचा. पाय दुखतो म्हणून पायच वाहायचा, हा तर्क केवळ भाविकांचा नव्हे. वैद्यकानेही तो दीर्घकाळ चालवला: गुडघा दुखतो, म्हणजे गुडघाच झिजला.

माझी आई बारीक अंगाची. तिला मधुमेह आहे, गुडघे दुखतात, आणि बोटांच्या शेवटच्या पेरांवर कठीण गाठी आहेत. 'वय झाले, झीज आहे,' असे एका डॉक्टरांनी सांगितले. बोटांवर शरीराचा भार कधी पडला, हा प्रश्न तिने घरी येऊन मला विचारला. या विषयात मी शिरलो तो तिथून.

या गाठींची नोंद विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्याच्या, १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. आपल्याकडे चरकसंहितेत वातरक्ताला 'आढ्यवात' असे दुसरे नाव आहे. आढ्य म्हणजे श्रीमंत. खाऊनपिऊन बसून राहणाऱ्याचे दुखणे. सांध्याचे नाते ताटाशी जोडलेले दिसते खरे, पण 'सगळे आमच्या ग्रंथांत होतेच' म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. वातरक्त हे आजच्या गाउटच्या जवळचे. गुडघ्याच्या झिजेशी जुळणारा संधिगत वात चरकाने वेगळ्या अध्यायात सांगितला आहे.

१९८८ साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या पाहणीतून दिसले, की वजनदार माणसांना पुढे गुडघ्याचा हा विकार अधिक होतो. भार जास्त, म्हणून झीज जास्त. उत्तर सोपे होते. मात्र १९९४ मध्ये मिशिगनमधील टेकमसे गावाच्या पाहणीत लठ्ठपणाचा संबंध हातांच्या सांध्यांशीही आढळला. आईचाच प्रश्न! त्याच वर्षी चरबीतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक सापडले, आणि २००३ मध्ये ते दुखऱ्या सांध्यातल्या द्रवातही मिळाले. चरबी म्हणजे नुसते ओझे नव्हे. ती रक्तात दाह वाढवणारी द्रव्ये सोडते, आणि रक्त बोटांपर्यंत जातेच. मधुमेहाचा स्वतंत्र वाटा किती, यावर मात्र अभ्यासकांचे एकमत नाही.

पण आई तर बारीक. इथे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक उपयोगी पडतात. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३. शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. काटा आपल्या लोकांबाबत किती फसवतो, ते या एका चित्रात आहे. दुखणे शहरी सुखवस्तूंचे, हाही समज टिकत नाही: डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण गावात केलेल्या पाहणीत ५.८ टक्के प्रौढांना हा विकार होता.

२०२४ मध्ये सेमाग्लुटाइडची चाचणी प्रसिद्ध झाली. लठ्ठपणा आणि गुडघेदुखी असलेल्या ४०७ जणांत, ६८ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १३.७ टक्के उतरले आणि वेदना खोट्या औषधाच्या गटापेक्षा बऱ्याच अधिक कमी झाल्या. मात्र वजन उतरले की भारही उतरतो. त्यामुळे गुण भार घटल्याचा किती आणि दाह शमल्याचा किती, हे या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.

आईच्या फायलीत गुडघ्यांचे नऊ एक्स-रे आहेत. कमरेचा घेर कोणी एकदाही मोजलेला नाही.